मग इंग्रजीत टाका ना!

बँकेतल्या माणसाला आकडे कळतात, असा एक गैरसमज समाजात रूढ आहे. खरं म्हणजे बँकेतल्या माणसाला बेरीज जुळते की नाही, एवढंच कळतं. जुळली की तो घरी जातो आणि नाही जुळली की उशिरा घरी जातो. आकड्यांच्या अर्थाबिर्थाच्या भानगडीत तो पडत नाही. गेली बावीस वर्षं मी हे व्रत कसोशीनं पाळलं होतं. परवा आमच्या साहेबांनी ते मोडलं.

मंगळवेढ्याजवळच्या एका गावात बचत गटाच्या बायकांचा मेळावा घ्यायचा होता. विषय होता, सावकाराचं कर्ज आणि बँकेचं कर्ज. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "तुम्ही बी.कॉम. ना? मग एक छानसा आलेख काढा. दोनच रेघा. एक सावकाराची, एक आपली. बायकांना एका नजरेत कळलं पाहिजे."

मी गणित मांडलं. मुद्दल एक लाख. सावकाराचा दर महिना शेकडा पाच. आपला दर वर्षाला शेकडा बारा, म्हणजे महिना एक. समजा, पाच वर्षं एक पैसाही फेडला नाही आणि व्याजावर व्याज चढत गेलं. बँकेचे होतात १,८१,६७० रुपये. सावकाराचे होतात १८,६७,९१९. मी तीन वेळा पडताळून पाहिलं, चौथ्यांदा कॅशिअरकडून पाहून घेतलं. आकडा तोच. 'पाच आणि एक, फरक तो काय चारचा!' असं वाटून माणूस अंगठा उठवतो आणि पाच वर्षांनी शेत देऊन बसतो. हा आलेख खरोखरच काढायला हवा होता. बावीस वर्षांत प्रथमच एका आकड्याचा अर्थ माझ्या अंगावर आला होता.

आता हा आलेख चौकटीच्या कागदावर पट्टी-पेन्सिलीनं काढला असता तर अर्ध्या तासात काम झालं असतं आणि हा लेखही लिहावा लागला नसता. पण त्याच दिवशी आमचा भाचा घरी आला होता. तो हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. तिथे नेमकं काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. तो म्हणाला, "मामा, पट्टी कसली घेताय? पायथॉन घ्या! त्यात मॅटप्लॉटलिब नावाची लायब्ररी आहे. जगातले शास्त्रज्ञ तिच्यावर आलेख काढतात."

लायब्ररी म्हटल्यावर मला आधी अनामत रक्कम आठवली. मी विचारलं, "वर्गणी?"

"फुकट आहे."

फुकट ते पौष्टिक, या मध्यमवर्गीय सूत्रानुसार मी लगेच कन्येचा लॅपटॉप मागून घेतला. भाच्यानं एक ओळ लिहून दिली आणि तो पुण्याची गाडी पकडायला निघून गेला. संकट आणणारी माणसं नेहमी परतीचं तिकीट काढूनच येतात.

ती ओळ मी टाइप केली. पडद्यावर बरीच अक्षरं धावली आणि शेवटी 'यशस्वीरीत्या बसवले' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं. मी सौ.ला हाक मारून ते दाखवलं. मग प्रत्यक्ष कामाला लागलो, तर तोच संगणक म्हणाला, 'मॅटप्लॉटलिब नावाचं इथे काहीही नाही.' अहो, आत्ता तर म्हणालास की बसवलं! आमच्या काउंटरवरसुद्धा दोन मिनिटांत इतकी उलटी भाषा कोणी करत नाही. आम्ही निदान जेवणाची सुट्टी जाऊ देतो.

दोन रात्री गेल्यावर उलगडा झाला. लॅपटॉपवर पायथॉन दोन होते. एक कन्येनं कॉलेजसाठी घातलेला, एक कशाच्या तरी पाठोपाठ आलेला. मी लायब्ररी बसवली एकात आणि मागत होतो दुसऱ्याकडे. हे मात्र मला चटकन समजलं. एकाच नावाची दोन खाती, भरणा एका खात्यात आणि चेक दुसऱ्यावर. चेक परत येणारच! उपाय असा, की ज्या पायथॉनकडून काम घ्यायचं त्यालाच सांगायचं, 'बाबा रे, तूच तुझ्या हातानं बसव.' म्हणजे नुसतं 'पिप' न म्हणता 'पायथॉन, डॅश एम, पिप' असं म्हणायचं. एवढी साधी गोष्ट त्या लाल अक्षरांच्या ओळींत कुठेही लिहिलेली नव्हती. ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच कळेल अशी सूचना लिहिणं ही कला फक्त सरकारी परिपत्रकांना साधली आहे, असं मी इतके दिवस समजत होतो.

पुढच्या चुका माझ्याच होत्या, त्या कबूल करतो. माझ्या फाइलला मी मोठ्या प्रेमानं 'मॅटप्लॉटलिब' हेच नाव दिलं. मग पायथॉन लायब्ररी शोधायला निघाला की त्याला आधी माझीच फाइल भेटे आणि ती स्वतःलाच हाका मारत बसे. नाव बदलल्यावर आलेख दिसला. आनंदानं मी आधी तो पडद्यावर पाहिला, खिडकी बंद केली आणि त्यापुढच्या ओळीत तो साठवायला सांगितला. साठला तो पांढराशुभ्र कागद! खिडकी मिटली की चित्रही गेलं. साठवायचं ते दाखवायच्या आधी. चाळीतल्या माणसाला खरं म्हणजे हे शिकवावं लागू नये. पाहुण्यांपुढे डबा उघडायच्या आधी आपला वाटा काढून ठेवायचा, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं.

आता आलेखाकडे नीट पाहिलं. सावकाराची रेघ वर गेली होती, पण तिच्या टोकाशी आकडा होता पावणेदोनच्या जरासा वर. पावणेदोन काय? लाख? हजार? रुपये? बऱ्याच वेळानं अगदी वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं सापडली : एक, इंग्रजी 'ई' आणि सहा. म्हणजे प्रत्येक आकड्याला दहा लाखांनी गुणून वाचा! शास्त्रज्ञांना ही सोय असेल. पण सावकारानं हा आलेख पाहिला असता तर चौकटीत बसवून दुकानात लावला असता; पाच वर्षं कर्ज ठेवा, देणं फक्त पावणेदोन! ते शास्त्रीय लिखाण बंद करायची ओळ शोधली. मग आले अठरा लाख, पण एकही स्वल्पविराम नसलेले. आपले लाख-कोटींचे स्वल्पविराम घालायला आणखी चार ओळी खर्ची पडल्या. हेही मी हसतमुखानं केलं. स्वल्पविरामासाठी रात्र जागवणं हा बँकेतल्या माणसाचा धर्मच आहे.

खरी लढाई पुढेच होती. मी आलेखावर मराठीत नावं लिहिली : 'कर्ज', 'मासिक व्याज', 'सावकार', 'बँक'. आलेख उघडला, तर अक्षरांच्या जागी चौकोन. रिकामे, सारख्या मापाचे, रांगेत उभे. जणू कोणी लेखी परीक्षेचा फॉर्म छापला होता. सोबत एक सूचनाही होती. अमुक फाँटमध्ये २३५० क्रमांकाचं चिन्ह नाही, आणि त्याचं नाव 'देवनागरी लेटर मा'! म्हणजे पाहा, माझ्या 'म'चं नाव ठाऊक, गाव ठाऊक, खातेक्रमांकसुद्धा ठाऊक. फक्त काढून देणार नाही. काउंटरवरच्या माणसानं नावानिशी हाक मारावी आणि वर 'उद्या या' म्हणावं, तसलाच प्रकार.

साहेबांना चौकोन दाखवले. ते क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, "मग इंग्रजीत टाका ना!"

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, इंग्रजीत टाका ना. आपली लिपीच अवघड आहे."

शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना सांगितलं. तेही म्हणाले, "टाका की इंग्रजीत. हल्ली सगळ्यांना समजतं."

इथे मात्र माझं डोकं फिरलं. अठरा लाखांचा आकडा ज्या बाईला दाखवायचा, तिच्या आलेखावर मी 'प्रिन्सिपल' आणि 'कंपाउंड इंटरेस्ट' लिहू? प्रिन्सिपल म्हणजे तिच्या मते मुलाच्या शाळेतले मोठे सर. मी तुम्हाला विचारतो, सावकारानं कधी कोणाला इंग्रजीत कर्ज दिल्याचं ऐकलंय? त्याची भाषा कशी, तर उसाच्या रसासारखी. 'घ्या हो वहिनी, तुमचंच आहे.' ज्याला आपल्या खिशात हात घालायचा असतो त्याचं मराठी अस्खलित असतं. आणि ज्याला आपला खिसा वाचवायचा असतो तो नेमका इंग्रजीत बोलतो! फसवणूक मातृभाषेतून आणि सावधगिरीचा इशारा परभाषेतून, अशी व्यवस्था असल्यावर जिंकणार कोण हे सांगायला आलेख कशाला हवा?

म्हणून मी हट्टाला पेटलो. देवनागरी अक्षरांचा एक फुकटचा फाँट मिळवला. तरी चौकोनच! कारण या लायब्ररीनं फाँटांची जुनी यादी जपून ठेवलेली असते आणि ती त्याच यादीवर विसंबून राहते. नवा माणूस दारात उभा असला तरी यादीत नाव नाही म्हणजे नाही. आपल्याकडे मतदानाच्या दिवशी होतं तसं. ती यादी पुसून टाकली, तेव्हा कुठे तिनं नवी तयार केली. चौकोन गेले. अक्षरं आली.

पण कशी आली? 'मासिक व्याज'चं झालं होतं 'मासकि व्‌याज'. 'कर्ज'चं 'कर्‌ज'. रफार खाली उतरून पाय मोडून बसला होता, आणि वेलांटी आपल्या घरून उठून शेजारच्या अक्षराच्या अंगणात गेली होती. नवलाची गोष्ट अशी, की एकच शब्द जसाच्या तसा उमटला होता : 'सावकार'. त्यात ना जोडाक्षर, ना वेलांटी. कर्ज मोडलं, व्याज मोडलं, सावकार शाबूत! इतकी सत्य परिस्थिती मला मुद्दाम काढता आली नसती.

भाच्यानं कारण सांगितलं. ही लायब्ररी, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर उतरलेली तिची आवृत्ती, अक्षरं टाइप केली त्या क्रमानं एकापुढे एक ठेवते. ऱ्हस्व वेलांटी आपण नंतर टाइप करतो पण काढायची असते अक्षराच्या आधी, हे तिला ठाऊक नाही. इंग्रजीत तसं करावं लागत नाही.

आता एक गोष्ट न्यायानं सांगितली पाहिजे. त्या लायब्ररीला चार शिव्या देऊन हा लेख इथेच संपवणं सोपं होतं. पण मी तिचं घराणं शोधून काढलं आणि शिव्या घशातच राहिल्या. शिकागोला जॉन हंटर नावाचा संशोधक होता. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी तो अभ्यासत होता. त्या पाहायला प्रयोगशाळेत विकतचा प्रोग्रॅम होता, पण परवाना एकच. तो परवाना म्हणजे संगणकाला लावायची एक किल्ली. डॉक्टर, विद्यार्थी, उमेदवार, सगळे ती आळीपाळीनं वापरायचे. आमच्या शाखेत स्टेपलर असाच फिरतो, पण त्यामुळे आमच्यापैकी कोणी स्टेपलर तयार केल्याचं ऐकिवात नाही. हंटरनं मात्र स्वतःचं साधन लिहायला घेतलं आणि २००३ साली ते जगाला फुकट देऊन टाकलं. २००८ साली नासाचं फिनिक्स यान मंगळावर उतरलं तेव्हा तिथल्या लोकांनी आलेखांसाठी हीच लायब्ररी वापरली. हंटर २०१२ साली कर्करोगात गेला. वय चव्वेचाळीस. आज माझं आहे तेवढं. त्यानंतर जगभरची माणसं, बरीचशी बिनपगारी, ती चालवताहेत.

तेव्हा मंगळावर गेलेली लायब्ररी मंगळवेढ्याला अडली, यात दोष त्या माणसाचा नाही. त्याची अडचण किल्लीची होती, ती त्यानं सोडवली. वेलांटी ही आपली अडचण होती. ती आपण काय केली? आपण इंग्रजीत टाकली.

लिपी अवघड आहे म्हणे! अहो, युनिकोडनं देवनागरीला क्रमांक दिले ते १९९१ साली, म्हणजे या लायब्ररीच्या बारा वर्षं आधी. त्याच लॅपटॉपवर ब्राउझर उघडला की 'मासिक व्याज' कसं ठसठशीत दिसतं. कारण त्याच्या पोटात हार्फबझ नावाचा एक फुकट प्रोग्रॅम अक्षरजुळणी करतो. त्याचा प्रमुख कर्ता बेहदाद इस्फहबोद मूळचा इराणचा, आणि ते नावही फारसीतलं; आपल्या 'हरफ' शब्दातला हर्फच तो. एका इराण्यानं घेतलेल्या कष्टांवर आमची वेलांटी घरी परत येते आणि आम्ही म्हणतो, लिपी अवघड आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या देवनागरी टाइपाचं नाव देशभर झालं. शिशात जोडाक्षर ओतायचं, रफार ओतायचा, उलटं कोरायचं आणि सुलट छापायचं! 'जावजीशेठ, फार किचकट आहे, इंग्रजीत टाका ना,' असं त्यांना कोणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्यालाच भट्टीत टाकलं असतं.

२०११च्या जनगणनेत मराठी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे आठ कोटी तीस लाख निघाले. त्यांतले संगणकवाले नुसते मोजायचे म्हटले तरी एक शाखा उघडावी लागेल. लायब्ररी उघडी आहे, तिचा शब्दन्‌शब्द कोणालाही वाचता येतो, दुरुस्तीही सुचवता येते. अक्षरजुळणीची दुरुस्ती तिच्या चालकांनी हाती घेतलीसुद्धा. आपण मात्र मराठी भाषा दिनाला फेटे बांधायचे, संमेलनात ठराव करायचे, आणि एक चौकोन दिसला की शेपूट घालायचं. आपल्या शंभराच्या नोटेकडे पाहा. हाताच्या पंजात मावेल एवढा कागद, त्यावर पंधरा भाषांचा रकाना, आणि मराठी त्यात अगदी नीट बसते. तिथे जागा झाली. हिंजवडीत होत नाही!

तुम्ही म्हणाल, एवढं भाषण ठोकलंत, आलेखाचं काय झालं?

तो कन्येनं सोडवला. बारावीतली मुलगी, दोन आठवडे बापाची कुतरओढ पाहून तिला दया आली. ती म्हणाली, "बाबा, तिला अक्षरं काढायला सांगूच नका. आलेख एसव्हीजीत साठवा आणि सांगा की अक्षरं अक्षरंच राहू देत, त्यांची चित्रं करू नकोस. मग ब्राउझरमध्ये उघडून छापा." त्यासाठी एक ओळ पुरली. लायब्ररीनं रेघा ओढल्या, अक्षरं ब्राउझरनं काढली. ज्याला जे येतं ते त्यानं करावं. आमच्या शाखेत ही पद्धत अजून यायची आहे. 'कर्ज', 'मासिक व्याज', 'बँक', सगळे रफार आणि वेलांट्या आपापल्या घरी. मी तो कागद भिंतीला लावून दहा मिनिटं नुसता पाहत बसलो. सौ. म्हणाली, लग्नातले फोटोसुद्धा मी इतका वेळ पाहिले नव्हते.

मेळाव्यात आलेख टांगला. भाषणं चालू असताना पुढच्या ओळीतली एक म्हातारी उठून जवळ आली. तिनं रेघेवर बोट ठेवलं आणि एक-एक अक्षर लावत वाचलं : सा-व-का-र. मग बोट रेघेबरोबर वर नेत नेत थेट टोकापर्यंत नेलं. तिथला आकडा शेजारणीकडून वाचून घेतला. आणि मला विचारलं, "सायेब, ही रेघ खाली कवा येती?"

बावीस वर्षांत कोणत्याही ऑडिटरनं मला इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. मी म्हटलं, "आपोआप नाही येत, आजी. फेडलं तरच." ती मागे वळून बायकांना म्हणाली, "ऐकलं का गं?" साहेबांच्या पाऊण तासाच्या भाषणातलं मला काही आठवत नाही. ते चार शब्द आठवतात, नव्हे, तीनच होते.

मेळाव्याचा अहवाल साहेबांनी वरच्या कार्यालयाला धाडला. आठ दिवसांनी पत्र आलं : 'सोबतचा आलेख मराठीत आहे, नोंदीसाठी इंग्रजीत पाठवावा.' साहेबांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. काही बोलले नाहीत, पण त्यांचे ओठ 'मग' म्हणण्यासाठी हललेले मला दिसले.

मी त्याच दिवशी आलेख पाठवून दिला. पहिल्या रात्रीचा. चौकोनांचा.

याला आता दोन महिने झाले. अजून कोणाची तक्रार आलेली नाही.